गुडघा त्याचा, निर्णय कुणाचा?



विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी फोनवर दोनदा विचारलं, "आइस हॉकी ना? आपली मैदानावरची नाही?" मी म्हटलं, बर्फावरचीच. "मग पत्रिकेत तसं स्पष्ट छापतो, उगाच गैरसमज नको," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. निम्मी मंडळी हा माणूस या गावात येऊन बर्फाबद्दल काय बोलणार या कुतूहलापोटी आली असावीत. हरकत नाही. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी हयातभर खो-खो आणि कबड्डी शिकवली. पण त्यांची एक सवय इथल्या जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. मुलगा लंगडताना दिसला की ते त्याला आधी बाहेर बसवत, सामन्याचं मग बघू म्हणत. मुलगा रडायचा, पालक भांडायचे, सर ऐकायचे नाहीत. मैदानात कोण उतरणार हे दुखऱ्या पायाच्या मालकाने नव्हे, तर दुसऱ्या शहाण्या माणसाने ठरवावं, हा त्यांचा हट्ट. आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांना असा हट्टी माणूस भेटला नाही.

विषय इतक्या लांबचा का घेतला, तेही सांगतो. आपल्या क्रिकेटपटूंबद्दल बोलायला घेतलं की आपण सगळे त्यांचे नातेवाईक होतो. "नशीबच खोटं हो त्याचं" म्हणून उसासा टाकतो आणि चहाला जातो. ज्यांच्याशी आपलं नातं नाही, त्यांच्याकडे जरा कोरड्या नजरेने पाहता येतं. आणि नशिबाच्या खात्यावर आपण जे टाकतो, त्यातलं किती माणसांनी केलेलं असतं हे पाहायला कोरडी नजरच लागते.

खेळ थोडक्यात असा. सुमारे दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद बर्फाचं मैदान, भोवती लाकडी-प्लास्टिकचं कुंपण आणि वर काच. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू. चेंडूऐवजी एक इंच जाड, तीन इंच व्यासाची कडक रबराची चकती. दमछाक इतकी की मिनिटभराच्या आत गडी बदलतात. आणि मुख्य म्हणजे चकती ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देणं नियमात बसतं. टोरांटोच्या आसपास आता मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथे माझ्या भाचीचा मुलगा पहाटेच्या सरावाला जातो, त्याच्याबरोबर मी एकदा रिंकवर गेलो होतो. टीव्हीवर जे कळत नाही ते तिथे कळलं: आवाज. स्केटचं पातं बर्फात रुतून वळतं तेव्हा विळीवर नारळ खवल्यासारखा करकरीत आवाज येतो. आणि दहा वर्षांचं पोर कुंपणावर आदळलं की आपण टेकून उभे असलेली काच हादरते. मोठ्यांचं काय होत असेल याचा अंदाज त्यावरून करावा.

आता बॉबी ऑर. माझ्या व्याख्यानाचा निम्मा भाग त्यालाच जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

ओंटारिओ प्रांतातल्या पॅरी साउंड नावाच्या छोट्या गावात २० मार्च १९४८ ला त्याचा जन्म झाला. बोस्टन ब्रुइन्स या संघाने त्याला चौदाव्या वर्षीच करारात बांधून ठेवलं आणि अठरावं लागताच, १९६६ मध्ये, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये उतरवलं. संघ तेव्हा तळाला होता. हा मुलगा बचावपटू. बचावपटूने आपल्या गोलासमोर थांबायचं, चकती पुढच्यांकडे सरकवायची आणि जागेवर राहायचं, अशी तेव्हाची रीत. ऑर आपल्याच गोलामागून चकती घेऊन निघायचा, समोरच्या संघातल्या तिघाचौघांना चुकवत पार दुसऱ्या टोकाला जायचा, आणि चकती गेलीच तर सगळ्यांच्या आधी मागे परतलेला असायचा. १९६९-७० मध्ये गोल आणि गोलसाहाय्य मिळून १२० गुण मिळवत तो लीगमध्ये पहिला आला. बचावपटूने असं करण्याची ती पहिली वेळ. १९७४-७५ मध्ये त्याने ते पुन्हा केलं, आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही बचावपटूला ते आजवर जमलेलं नाही. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने लागोपाठ आठ वर्षं घेतला. एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. १९७०-७१ च्या मोसमात तो बर्फावर असताना बोस्टनने जेवढे गोल खाल्ले, त्याहून १२४ जास्त केले. आणि समोरचा गडी शिक्षा भोगत बाहेर असताना केलेले गोल यात धरतही नाहीत. हा विक्रम पन्नास वर्षांनंतरही उभा आहे.

त्याचं एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. १० मे १९७०, बोस्टन गार्डन, लीगच्या विजेतेपदाच्या म्हणजे स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीचा चौथा सामना. जादा वेळेचे चाळीस सेकंद झालेले. ऑरने सेंट लुइसचा गोलरक्षक ग्लेन हॉल याला चकवून गोल मारला, त्याच क्षणी नोएल पिकार्डच्या काठीने त्याचा पाय उचलला गेला, आणि दोन्ही हात पसरून आडवा, हवेत तरंगणारा ऑर रे लसिए या छायाचित्रकाराने टिपला. बोस्टनमध्ये स्टेडियमबाहेर त्याच पोजमधला पुतळा आहे. लोक त्यात उड्डाण पाहतात. मला मात्र दर वेळी वाटतं, हा आता खाली पडणार, आणि ज्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन गेल्या आहेत तोही बर्फावर आपटणार.

त्या गुडघ्याला पहिला मार बसला तो पहिल्याच मोसमात. त्याचं असं असतं, स्केटचं पातं बर्फात रुतलेलं असताना बाजूने धडक बसली तर पाऊल सरकत नाही. शरीर फिरतं, पाऊल जागेवर राहतं, आणि मधला सांधा पिळला जातो. दोन हाडांमधली गादी फाटते, बाजूचे लिगामेंट ताणले जातात. आज दुर्बिणीतून दोन छोट्या छिद्रांमधून फाटलेला तेवढाच तुकडा काढतात किंवा शिवतात, बाकीची गादी जपतात. १९६७ साली दुर्बिणीची शस्त्रक्रिया तिथे रुळलेली नव्हती, एमआरआय तर नव्हताच. गुडघा उघडायचा, फाटलेली गादी काढून टाकायची, टाके घालायचे. त्या काळच्या शल्यचिकित्सकांना मी दोष देणार नाही, ज्ञानच तेवढं होतं. पण गादी गेली की हाडावर हाड घासतं, आणि घासलेलं भरून येत नाही. मग पुढचं ऑपरेशन. ऑरच्या डाव्या गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियांची संख्या डझनाच्या पुढे सांगतात.

दर शस्त्रक्रियेनंतर तो परत आला. त्याला परत यायचंच होतं, यात शंका नाही. "खेळायला जमेल का?" असं एकोणीस वर्षांच्या पोराला विचारून काही उपयोग नसतो, तो हो म्हणणारच. खेळाडू हो म्हणतो, प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो, मालकाला तिकिटं विकायची असतात, आणि डॉक्टरचा पगार मालकाकडून येतो. या साखळीत "नाही" म्हणणारा कुणी नव्हता. १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांची ती सुप्रसिद्ध आठ सामन्यांची मालिका झाली, तेव्हा ऑर संघाबरोबर होता, पण गुडघ्यामुळे एकही सामना खेळू शकला नाही. १९७५-७६ मध्ये बोस्टनकडून तो अवघे दहा सामने खेळला.

आणि इथे अ‍ॅलन ईगलसन नावाचा माणूस येतो. वकील, ऑरचा प्रतिनिधी, आणि त्याच वेळी एनएचएल खेळाडूंच्या संघटनेचा कार्यकारी संचालक. शिवाय कॅनडाचे आंतरराष्ट्रीय सामने भरवणाराही तोच. ऑर त्याला भावासारखा मानायचा. १९७६ मध्ये बोस्टनबरोबरचा करार संपत आला तेव्हा क्लबने ऑरला संघाच्या मालकीतला सुमारे साडेअठरा टक्के हिस्सा देऊ केला होता. मोडक्या गुडघ्याच्या खेळाडूला एवढं देऊ करणं म्हणजे क्लबने त्याची खरी किंमत ओळखली होती, असंच म्हणायचं. ईगलसनने ही गोष्ट ऑरच्या कानावर घातलीच नाही. बोस्टनला तू नकोसा झाला आहेस, अशी ऑरची समजूत करून दिली गेली, आणि तो शिकागोला गेला. तिथल्या मालकाशी ईगलसनचे चांगले संबंध होते.

मधे एक गोष्ट घडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिला कॅनडा चषक झाला. ऑर एका पायावर खेळला म्हणा ना. सात सामने, नऊ गुण, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. ही स्पर्धाही ईगलसनचीच. मोसम सुरू व्हायच्या आधी, हाडावर हाड घासत असलेल्या गुडघ्याने सात सामने. त्या विजयाचा आनंद कॅनडाला आजही आहे आणि तो असायलाही हवा. पण मला ते सामने पाहताना आनंद होत नाही.

शिकागोकडून पुढच्या तीन मोसमांत मिळून तो २६ सामने खेळला. मधला एक मोसम तर पूर्ण कोराच गेला. त्या काळातले पगाराचे धनादेश त्याने वटवले नाहीत. आपल्याला पैसे खेळण्यासाठी मिळतात, मी खेळलो नाही, एवढाच त्याचा हिशेब. नोव्हेंबर १९७८ मध्ये, तिसाव्या वर्षी, त्याने थांबायचं ठरवलं. एकूण ६५७ सामने, ९१५ गुण. हॉकीतल्या थोरांच्या हॉल ऑफ फेमसाठी निवृत्तीनंतर तीन वर्षं थांबावं लागे. त्याच्यासाठी ती अट शिथिल करून १९७९ मध्येच त्याला घेतलं. लोक हा सन्मान अभिमानाने सांगतात. मला त्यात एक घाई दिसते, अपराधी माणसाला असते तशी. आणि त्याच सुमारास ऑरच्या लक्षात आलं की आपली देणी मालमत्तेपेक्षा जास्त आहेत. पैसे ईगलसनच सांभाळत होता.

ईगलसनचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय ऑरची गोष्ट पुरी होत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स परिसरातल्या एका दैनिकाचा क्रीडा संपादक रस कॉनवे याने वर्षानुवर्षं कागद गोळा केले. त्यातून १९९४ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात आरोपपत्र दाखल झालं. जायबंदी होऊन खेळ सुटलेल्या खेळाडूंच्या विम्याच्या रकमेतून आपला वाटा काढल्याचे आरोपही त्यात होते. म्हणजे ज्यांचं करिअर दुखापतीने संपलं, त्यांच्या दुखापतीवरही कमाई. जानेवारी १९९८ मध्ये ईगलसनने बोस्टन आणि टोरांटो दोन्हीकडे फसवणुकीचे गुन्हे कबूल केले, तुरुंगात गेला, आणि ऑरसह काही नामवंतांनी "हा राहणार असेल तर आमची नावं काढा" असं बजावल्यावर हॉल ऑफ फेममधूनही बाहेर पडला.

न्यूयॉर्क आयलंडर्सचा माइक बॉसी हाही याच रांगेतला, पण त्याच्याबद्दल थोडक्यात. पदार्पणाच्या मोसमात ५३ गोल, लागोपाठ नऊ मोसम पन्नास किंवा अधिक गोल, १९८० ते १९८३ असे सलग चार स्टॅन्ली चषक. दहावा मोसम ३८ गोलांचा. पाठीने दगा दिला आणि तो पुन्हा उतरला नाही. ७५२ सामन्यांत ५७३ गोल. गोलासमोर उभ्या राहणाऱ्या अशा खेळाडूच्या पाठीत काठीचे आडवे दणके घालणं नियमाने गुन्हाच आहे, पण पंच तिकडे काणाडोळा करत. आपण मारामारी करणार नाही, असं बॉसीने १९७९ मध्ये जाहीर सांगून टाकलं होतं. त्या काळात हे बोलायला धाडस लागायचं.

गुडघा आणि पाठ दिसतात तरी. डोक्याचं काय?

१२ डिसेंबर १९३३ ला बोस्टनमध्ये एडी शोरने टोरांटोच्या एस बेलीला मागून धडक दिली. बेलीचं डोकं बर्फावर आपटलं, कवटी फुटली, वाचतो की नाही अशी स्थिती झाली. आपल्यातल्या ज्येष्ठांना १९६२ साली बार्बाडोसमध्ये नरी काँट्रॅक्टरांना लागलेला चेंडू आठवेल. ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. तसंच बेलीचं, तो पुन्हा खेळला नाही. १४ फेब्रुवारी १९३४ ला त्याच्या मदतीसाठी टोरांटोत लीगमधल्या नामवंतांचा सामना भरवला गेला, बेली बर्फावर आला आणि त्याने शोरशी हस्तांदोलन केलं. प्रेक्षक उभे राहिले. बेलीचा ६ क्रमांक कायमचा राखून ठेवला गेला, एनएचएलमधला तसा पहिलाच. सगळं उदात्त होतं. फक्त हेल्मेटची सक्ती झाली नाही.

जानेवारी १९६८ मध्ये मिनेसोटाचा बिल मास्टरटन, तोही बिनहेल्मेटचा, धडकेने मागे पडला आणि दोन दिवसांनी गेला. त्याच्या नावाने त्याच वर्षी करंडक सुरू झाला. हेल्मेटची सक्ती आली १९७९ मध्ये, तीही नव्याने करार करणाऱ्यांना. जुन्यांना मुभा होती, त्यामुळे बिनहेल्मेटचा शेवटचा खेळाडू १९९७ पर्यंत खेळत होता. सन्मान तातडीने, नियम सावकाश.

एरिक लिंड्रॉस हा नव्वदच्या दशकातला सगळ्यात दांडगा खेळाडू. १९९५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक घेतला, फिलाडेल्फियाचा कर्णधार. त्याचा धाकटा भाऊ ब्रेट अवघे ५१ सामने खेळून विसाव्या वर्षी डोक्याच्या दुखापतींमुळे निवृत्त झाला होता. म्हणजे घरात एक उदाहरण घडून गेलेलं. मार्च २००० मध्ये लिंड्रॉसने उघडपणे सांगितलं की आपल्याला झालेलं कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, संघाच्या वैद्यकीय पथकाला ओळखता आलं नाही. क्लबने यावर काय केलं असेल? पथक बदललं? नाही. लिंड्रॉसचं कर्णधारपद काढलं. "नाही" म्हणणाऱ्याचं काय होतं, हे ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला त्या दिवशी कळलं. दोन महिन्यांनी, २६ मे रोजी, न्यू जर्सीच्या स्कॉट स्टीव्हन्सने मान खाली घालून येणाऱ्या लिंड्रॉसला खांद्याने अशी धडक दिली की तो जागीच कोसळला. पंचांनी शिक्षा दिली नाही, कारण तेव्हाच्या नियमांप्रमाणे धडक वैध होती. लिंड्रॉस पुढचा अख्खा मोसम बाहेर राहिला. नंतर २००७ पर्यंत खेळला, पण तो दरारा परत आला नाही. स्टीव्हन्सचं सांगायचं तर, त्याचा खेळही शेवटी डोक्याच्या दुखापतीनेच थांबला.

या साऱ्यात एक विनोदी प्रकरणही आहे, अर्थात कडवट. बचावपटू ख्रिस प्रॉन्गरला ऑक्टोबर २०११ मध्ये डोळ्यावर काठी लागली आणि पुढच्याच महिन्यात तो शेवटचा सामना खेळला. पण त्याचा करार अनेक वर्षांचा, आणि खेळाडूने निवृत्ती जाहीर केली तर क्लबच्या पगारमर्यादेच्या हिशेबात अडचण. म्हणून कागदोपत्री तो जायबंदीच राहिला. २०१५ मध्ये त्या कराराची ॲरिझोना क्लबकडे बदली झाली. त्याच वर्षी प्रॉन्गर हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि पोटापाण्याला एनएचएलच्याच खेळाडू-सुरक्षा विभागात काम करत होता. ज्या संघाच्या पटावर त्याचं नाव होतं, त्याच्यासाठी तो एक मिनिटही खेळला नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांना जे सुचलं नाही, ते तिथे सुचलं.

शेवटी केन ड्रायडन, कारण त्याने स्वतः ठरवून सोडलं. मॉन्ट्रियलचा गोलरक्षक. १९७१ मध्ये मोसमात जेमतेम सहा सामने खेळून थेट बाद फेरीत उतरला, स्टॅन्ली चषक जिंकला आणि त्या फेरीतला सर्वोत्तम खेळाडूही ठरला. करार पटला नाही म्हणून १९७३-७४ चा मोसम सोडून तो टोरांटोतल्या एका वकिली कचेरीत उमेदवारी करायला गेला. आठ मोसमांत सहा चषक घेऊन १९७९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, धडधाकट असताना थांबला. गुडघे शाबूत, डोकं शाबूत, हातात कायद्याची पदवी. पुढे लेखक झाला, खासदार आणि मंत्री झाला. २०२५ च्या सप्टेंबरात तो गेला. त्याला सोडणं जमलं, कारण जायला दुसरी जागा होती. चौदाव्या वर्षी करारात बांधलेल्या ऑरला ती कुणी ठेवली होती?

ड्रायडनचं २०१७ मधलं पुस्तक स्टीव्ह माँटाडोर या खेळाडूवर आहे. माँटाडोर पस्तिसाव्या वर्षी गेला आणि त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा सीटीई हा विकार आढळला. ड्रायडनने ते पुस्तक लीगच्या आयुक्तांच्या हातात स्वतः नेऊन दिलं. त्याची मागणी साधी होती. डोक्याला झालेला कोणताही आघात, मुद्दाम असो वा चुकून, शिक्षापात्र धरा. लीगने ती मानली नाही. २०१० पासून डोक्यावरच्या धडकेसाठी वेगळा नियम आहे, पण त्यात डोकं हाच धडकेचा मुख्य बिंदू होता का आणि तो टाळता आला असता का, हे पाहिलं जातं. उलट काठी समोरच्याच्या तोंडाला लागली तर, शॉट मारताना वर गेलेल्या काठीचा अपवाद सोडून, हेतू कुणी विचारत नाही. दोन मिनिटं बाहेर, आणि जखम झाली तर चार. काठीची जबाबदारी काठी धरणाऱ्याची. खांद्याची जबाबदारी कुणाची, हे मात्र अजून दर धडकेनंतर आधी पंच आणि मग चित्रफीत पाहून लीगचा खेळाडू-सुरक्षा विभाग ठरवतो.